सीडीच्या डबीचं कव्हर घरच्या घरी: सुरुवात मागच्या कार्डापासून

घरच्या मैफिलीची, भजनी मंडळाची किंवा गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाची सीडी तयार झाली की कव्हरसाठी पहिली शोधाशोध फोटोची होते. काम मात्र मागून सुरू करावं. पुढचा कागद साधा चौकोन असतो. अर्धा मिलिमीटर कमीजास्त झाला तरी डबी चालवून घेते. मागच्या कार्डाला दोन घड्या असतात, त्यावर सीडी धरणारा ट्रे दाबून बसतो, आणि डबी कपाटात उभी ठेवली की दिसतं ते फक्त त्या घडीवरचं नाव. हे कार्ड एक मिलिमीटर मोठं झालं तर ट्रे खटकन बसत नाही, आणि ट्रे नीट बसला नाही तर झाकण लागत नाही.

आधी हातातली डबी कोणती ते पाहा. नेहमीची जाड डबी सुमारे १४२ × १२५ मिलिमीटरची आणि १० मिलिमीटर जाड असते. तिचे तीन भाग: झाकण, मागचा पारदर्शक भाग आणि मधला सुटा ट्रे. पातळ म्हणजे स्लिम डबी साधारण निम्म्या जाडीची. तिच्यात सुटा ट्रे नसतो, म्हणून मागचं कार्डही नसतं. इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानात नुसतं ‘सीडी का कवर’ मागितलं तर प्लास्टिकचं पाकीट पुढे येण्याची शक्यता जास्त. ‘मोटी वाली डिब्बी, ट्रे निकलता है वो’ असं सांगून मागा. नाही मिळाली तर घरातल्या जुन्या, न लागणाऱ्या सीड्यांच्या डब्या धुऊन वापरा. त्यांचं प्लास्टिक बहुधा नव्या स्वस्त डब्यांपेक्षा जाड आणि स्वच्छ असतं. धुताना कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरेत. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. डबी पॉलिस्टायरीनची असते, ती लगेच धुरकट होते.

ध्वनिमुद्रण किती मिनिटांचं आहे ते डबी घेण्याआधीच पाहावं लागतं. जुन्या कॅसेटवरून उतरवत असाल तर सी-६० ची साठ मिनिटं एका सीडीवर मावतात, सी-९० ची नव्वद मावत नाहीत, कारण ऑडिओ सीडीची मर्यादा ८० मिनिटांची आहे. एखादा राग मध्येच कापण्यापेक्षा दोन सीड्या करा आणि दुहेरी ट्रेची डबी घ्या. ज्या दुहेरी डबीचा ट्रे पुस्तकाच्या पानासारखा उलटतो, तिची बाहेरची जाडी एकेरी डबीइतकीच असते आणि मागचं कार्डही त्याच मापाचं चालतं. त्याहून जाड, दुप्पट फुगलेली डबी घेतली तर घडीची पट्टी आणि बरीच मापं बदलतात. घरगुती कामासाठी ती टाळलेली बरी.

मापं

मागचं कार्ड: पूर्ण रुंदी १५१ मिमी, उंची ११८ मिमी. त्यात मधला भाग १३८ आणि दोन्ही बाजूंना ६.५ मिमीच्या पट्ट्या.
पुढचा एकेरी कागद: १२० × १२० मिमी.
चार पानी पुस्तिका: उघडी असताना २४० × १२० मिमी, मधोमध घडी.

छापखान्यात पुस्तिकेचं पान कधीकधी १२१ मिमी रुंद धरतात. घरी कापताना १२० ठेवा. कात्री-कटरच्या कामात एवढी मोकळीक लागतेच, आणि कागद झाकणाच्या अर्धचंद्राकार दातांखालून सहज सरकतो.

रंग किंवा फोटो कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारही बाजूंना ३ मिमी जास्तीची छपाई ठेवा, जी नंतर कापून टाकायची. म्हणजे फाइल बनवताना मागच्या कार्डाची मापं १५७ × १२४, पुढच्या कागदाची १२६ × १२६ आणि पुस्तिकेची २४६ × १२६ होतात. फोटोशॉपसारख्या पिक्सेलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) धरून हेच अनुक्रमे १८५४ × १४६५, १४८८ × १४८८ आणि २९०६ × १४८८ पिक्सेल. घडीच्या पट्ट्या सोडल्या तर कडेपासून आत ४ मिमीपर्यंत कोणतंही अक्षर येऊ देऊ नका.

डब्या वेगवेगळ्या साच्यांतून निघतात आणि त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. म्हणून रचना करण्याआधी कोऱ्या कागदाचं मागचं कार्ड वरच्या मापानं कापा, घड्या घाला आणि खरोखर डबीत बसवून पाहा. ट्रे दाबल्यावर चारही कोपरे बसले, मधला कागद फुगला नाही आणि पट्ट्या डबीच्या भिंतीला टेकल्या, तर मापं पक्की. कागद फुगत असेल तर उंची ११७.५ करा. ट्रे एका बाजूनं उचललेला राहत असेल तर पट्टी ६ मिमीपर्यंत कमी करा. हा कोरा नमुना फेकू नका. त्यावर पेन्सिलीनं ‘वर’, ‘बाहेरची बाजू’, ‘डावी’, ‘उजवी’ असं लिहून ठेवा. पट्टीवरच्या अक्षरांची दिशा ठरवताना तोच कामी येतो.

पट्टीवरचं नाव

कव्हरच्या सगळ्या कामात सर्वाधिक घोटाळा इथं होतो. डबी पाठीवर ठेवली, म्हणजे मुखपृष्ठ वर, आणि आपण कडेनं बघितलं तर नाव सरळ वाचता यायला हवं. त्यासाठी अक्षरांच्या शिरोरेषा मुखपृष्ठाच्या दिशेला असाव्या लागतात. कार्ड छापील बाजू वर करून सपाट ठेवलं तर उजवीकडच्या पट्टीवरचं नाव वरून खाली वाचलं जातं आणि डावीकडचं खालून वर. दोन्ही नावं एकाच दिशेला फिरवली तर थप्पीतल्या डबीची एक कड उलटी वाचावी लागते. ज्यांच्याकडे डब्या फक्त उभ्याच राहतात ते दोन्ही बाजूंना वरून खाली ठेवतात. तेही चालतं, पण मग संग्रहातल्या सगळ्या डब्यांना तोच नियम लावा.

साडेसहा मिलिमीटरच्या पट्टीत देवनागरी अक्षर बसवणं हे रोमन अक्षर बसवण्यापेक्षा अवघड आहे. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. ‘मैफिल’ आणि ‘ठुमरी’ एका ओळीत आले की दोन्हीकडे जागा लागते. ९ पॉइंटचं अक्षर या सगळ्यासकट साधारण साडेचार मिलिमीटर घेतं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर उरतो. १० पॉइंटच्या पुढे जाऊ नका, नाहीतर घडी नेमकी उकारावरून जाते. नाव मध्यावर आणताना सॉफ्टवेअरच्या ‘सेंटर’वर विसंबू नका; तो अक्षराच्या चौकटीचा मध्य धरतो, दिसणाऱ्या अक्षराचा नाही. मोठं करून पाहा आणि नजरेनं सरकवा.

पट्टीवर लिहायचं काय? आधी कलाकार किंवा मंडळ, मग विषय, शेवटी वर्ष. ‘श्री’, ‘सौ.’, ‘सादर करत आहे’ यांना इथं जागा नाही. दोन सीड्या असतील तर शेवटी १ आणि २ टाका. पट्टीला मधल्या भागापेक्षा वेगळा गडद रंग देण्याचा मोह टाळा. रंगांची सीमा बरोबर घडीवर यावी लागते आणि घरच्या घडीत ती कुठंतरी अर्धा मिलिमीटर सरकतेच. मग गडद रंगाची बारीक रेघ मागच्या बाजूला डोकावते. मधला भाग आणि पट्ट्या यांना एकच रंग ठेवला तर ही चूक दिसतच नाही. कडेला समांतर बारीक चौकट काढणं हाही असाच सापळा. लग्नपत्रिकेवर ती शोभते, कारण तिथं यंत्रानं कापलेलं असतं. हातानं कापलेल्या १२० मिलिमीटरच्या चौकोनात चौकट एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला अडीच मिलिमीटरवर आली की लांबूनही तिरपी दिसते.

मागच्या बाजूचा मजकूर

मधला भाग १३८ × ११८ चा. दहा रचनांची यादी ९ पॉइंट अक्षरात, १३ पॉइंट अंतरानं लावली तर ती फक्त साडेचार-पाच सेंटिमीटर उंची घेते. त्यामुळे गर्दी करायचं कारण नाही आणि अक्षर ७ पॉइंटवर आणायचंही नाही. ही सीडी वाचणाऱ्यांत चष्मेवाले बरेच असणार.

शास्त्रीय संगीत असेल तर प्रत्येक ओळीत क्रमांक, राग, प्रकार, ताल, बंदिशीचे पहिले शब्द आणि वेळ हवी: ‘२. यमन, विलंबित ख्याल, एकताल, (बंदिशीचे पहिले शब्द), २४:१०’ अशा धर्तीवर. भजनांना संतांचं नाव द्या. अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ असेल तर ते ऐकून खात्री करा. यादीत तुकोबांचा अभंग नामदेवांच्या नावावर गेला तर ऐकणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी ते दाखवून देणारच. खाली साथीदार: तबला, संवादिनी, तानपुरा, टाळ, पखवाज, ज्यांनी जे वाजवलं ते. त्याखाली ध्वनिमुद्रणाची तारीख आणि जागा, आणि मूळ साधन कॅसेट होतं की मोबाइल. हा शेवटचा तपशील बहुतेक कव्हरांवर नसतो आणि पुढे कुणाला पुन्हा चांगली प्रत करायची झाली की तोच शोधत बसावं लागतं. तारीख नक्की नसेल तर फक्त वर्ष लिहा. गायक-वादक हयात असतील तर प्रती वाटण्याआधी त्यांची परवानगी घ्या आणि आपलं नाव यादीत कसं लिहिलं आहे ते त्यांच्याकडूनच वाचून घ्या.

वेळांची बेरीज ७९ मिनिटांच्या आत ठेवा आणि सीडी लिहून झाल्यावर यादी प्लेअरवर दिसणाऱ्या क्रमांकांशी पडताळा. कव्हर छापून झाल्यावर रचनांचा क्रम बदलणं हे घरगुती सीडीतलं नेहमीचं दुखणं आहे. म्हणून सीडी आधी, कव्हर नंतर.

इंदुरात मजकूर डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेत असाल तर तपासणी दुप्पट काळजीनं करा. तिथला हात हिंदीला सरावलेला असतो आणि बऱ्याच ठिकाणी अजून कृतिदेव हा युनिकोड नसलेला जुना फॉन्ट वापरतात. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर कृतिदेवमध्ये थेट उतरत नाही, म्हणून तो पुन्हा टाइप होतो, आणि तिथं ‘ळ’चा ‘ल’, ‘टिळक’चं ‘तिलक’, ‘आणि’चं ‘आनि’ होतं. ‘सादर करणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला आडवा रफारही हमखास बिघडतो. शक्य तर मजकूर स्वतः युनिकोडमध्ये टाइप करून थेट पीडीएफ द्या. अक्षर मराठी वळणाचं हवं असेल, म्हणजे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या शाळेतल्यासारखे, तर ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट फुकट मिळतो आणि बारीक आकारातही स्वच्छ वाचता येतो. ठसठशीत शीर्षकासाठी ‘मुक्ता’ चांगला.

फुकटच्या सॉफ्टवेअरपैकी इंकस्केप या कामाला सर्वांत सोयीचं: मापं थेट मिलिमीटरमध्ये देता येतात आणि जोडाक्षरं तुटत नाहीत. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटून ‘क्‌ष’सारखं दिसत असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांची मांडणी चालू करावी लागते. दुकानात कोरलड्रॉची फाइल मागितली तर अक्षरांचं ‘कर्व्ह’ करून द्या, म्हणजे त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला तरी काही बिघडणार नाही. पण कर्व्ह केल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळ्या नावानं जपून ठेवा.

पुढचा कागद

आता फोटो. जुना पासपोर्ट आकाराचा फोटो ३५ मिलिमीटर रुंद असतो. तो १२० पर्यंत वाढवायचा म्हणजे जवळजवळ साडेतीन पट. म्हणून ३०० डीपीआयवर स्कॅन करून उपयोग नाही, १२०० वर करा. वर्तमानपत्रातलं कात्रण असेल तर छपाईच्या ठिपक्यांमुळे जाळी उमटते; स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीस्क्रीन’ असा पर्याय असतो, तो लावा. नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. त्यांना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

मंचाचे फोटो बहुतेक अंधारे असतात: मागे काळा पडदा, पुढे चेहऱ्यावर एक दिवा. पडद्यावर ते बरे दिसतात, कागदावर केस आणि पडदा एकच होऊन जातात. छापण्याआधी मधला उजेड वाढवा, इतका की संगणकावर फोटो किंचित फिकट वाटेल.

चार पानी पुस्तिका करायची असेल तर एका बाजूला डावीकडे पान ४ आणि उजवीकडे पान १ (मुखपृष्ठ), दुसऱ्या बाजूला डावीकडे २, उजवीकडे ३. आठ पानी असेल तर दोन कागद एकात एक: बाहेरच्या कागदावर ८–१ आणि मागे २–७, आतल्यावर ६–३ आणि मागे ४–५. दोन्ही बाजूंची छपाई आडव्या कागदावर ‘शॉर्ट एज’वर उलटवून घ्यायची, नाहीतर आतली पानं उलटी येतात. घरच्या प्रिंटरला दोन्ही बाजूंची सोय नसेल तर कोऱ्या कागदाच्या एका कोपऱ्यावर पेन्सिलीनं बाण काढून एक चाचणी घ्या आणि कागद कसा उलटायचा ते प्रिंटरवरच चिकटपट्टीवर लिहून ठेवा. घरच्या छपाईत पुढची आणि मागची बाजू एक-दोन मिलिमीटर सरकतेच. त्यामुळे दोन पानांवर पसरलेला फोटो आतल्या बाजूला ठेवा, मुखपृष्ठावर नको.

पुस्तिका जाड करू नका. १३० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आठ पानांपुढे गेलात की झाकणाचे दात कागद दाबून धरतात, पुस्तिका काढताना कडा चुरगळतात, आणि शेवटी झाकणाचा एखादा दात तुटतो.

कागद आणि छपाई

मागच्या कार्डाला १५० ते २०० जीएसएम, पुस्तिकेला १३० च्या आसपास. दुकानदार ‘मजबूत’ म्हणून ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड सुचवतात, घेऊ नका. ते घडीवर तडकतं आणि घडीचा फुगवटा ट्रे वर उचलतो. नेहमीच्या ७० जीएसएमच्या झेरॉक्स कागदाचं कार्डही चालत नाही, कारण गडद रंगानं तो लाटांसारखा वाकतो आणि पारदर्शक पाठीतून ती लाट दिसते.

मॅट की ग्लॉसी? पुढच्या कागदासाठी मॅट घ्या. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर पावसाळ्यात झाकणाच्या प्लास्टिकला चिकटतो आणि आतून ओल्या डागांसारखे चट्टे दिसतात. जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत तर हे ठरलेलंच. फोटो पेपरच वापरायचा असेल तर छापल्यावर निदान चोवीस तास मोकळ्या हवेत सुकवा आणि मगच डबीत घाला. फोटो पेपर बहुधा एकाच बाजूनं छापण्याजोगा असतो, तेव्हा पुस्तिकेला तो निरुपयोगी. लेझर छपाईत पाण्याची भीती नाही, पण टोनर कागदाच्या पोटात न शिरता वर बसतो आणि घडीवर पांढरी रेघ सोडतो. उपाय दोन: घडीच्या जागी फिकट रंग ठेवा, किंवा क्रीज करूनच, म्हणजे घडीच्या जागी आधी दाबून खाच पाडूनच, घडी घाला. रेघ पडलीच तर त्याच रंगाच्या रंगीत पेन्सिलीनं ती झाकता येते. स्केचपेन वापरू नका, तो चकाकतो.

घरच्या ए-फोर कागदावर मांडणी अशी करा: कागद उभा धरून वर पुढचा १२६ चा चौकोन, खाली मागचं १५७ × १२४ चं कार्ड. दोन्ही मिळून उंची २५० मिलिमीटर होते, म्हणजे सगळं एका पानात येतं. याचा आणखी एक फायदा आहे. ए-फोर कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेनं असतात, आणि या मांडणीत कार्डाच्या दोन्ही घड्या लांबीच्याच दिशेनं येतात. तंतूंच्या दिशेची घडी गुळगुळीत पडते. चार पानी पुस्तिकेला वेगळा आडवा कागद लागतो, आणि तिची घडी तंतूंना आडवी जाते. तिथं क्रीज न करता घडी घालू नका.

डिजिटल प्रिंटच्या दुकानात मोठे कागद असतात. १३ × १९ इंचाच्या कागदावर दोन पुस्तिका उभ्या करून शेजारी-शेजारी आणि त्यांच्या बाजूला दोन कार्डं उभी फिरवून एकाखाली एक अशी मांडणी बसते, म्हणजे एका कागदात दोन पूर्ण संच. १२ × १८ इंचाच्या कागदात अशी उभी फिरवलेली दोन कार्डं एकाखाली एक बसत नाहीत, तेव्हा दुकानात कोणता कागद आहे ते आधी विचारून मगच फाइल लावा. या मांडणीत पुस्तिकेमुळे सगळा कागद दोन्ही बाजूंनी छापला जाईल. ट्रे पारदर्शक असेल तर कार्डाच्या आतल्या बाजूलाही काहीतरी छापून घ्या, तेवढ्याच पैशांत होतं. ट्रे काळा असेल तर ती बाजू दिसतच नाही.

छापताना सगळ्यांत महत्त्वाची सूचना एकच, आणि ती काउंटरवर मोठ्यानं सांगा: ‘भैया, सौ परसेंट पर निकालना, फिट टू पेज मत करना.’ ‘फिट टू पेज’ लागलं की सगळं ९७ टक्क्यांवर येऊ शकतं. १५१ चं कार्ड १४६.५ मिलिमीटरचं होतं, आणि डबीत दोन्ही बाजूंना फट दिसते. खात्री करायला फाइलच्या कापून जाणाऱ्या भागात बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा. पहिला कागद हातात आला की तिथंच पट्टीनं ती मोजा. ९७ भरली तर बाकीचे छापू देऊ नका.

क्रीज, कापणं, घडी

क्रम असाच: आधी क्रीज, मग कापणं, मग घडी. कापलेल्या लहान तुकड्यावर पट्टी सरळ धरणं अवघड जातं.

क्रीजसाठी वेगळं अवजार नको. शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी पुरते. घडीची जागा फाइलमध्येच कापून जाणाऱ्या भागात, वर आणि खाली, बारीक खुणांनी दाखवलेली असावी. कार्डावर रेघ मारायची नाही. कार्डाखाली जुनं मासिक ठेवा, पट्टी दोन खुणांवर लावा आणि पेन दोनदा मध्यम दाबानं ओढा. मागच्या कार्डाच्या पट्ट्या छापील बाजूपासून मागे वळतात, छपाई बाहेर राहते. म्हणून क्रीज आतल्या, न छापलेल्या बाजूनं केली तर टोनर खरवडला जात नाही. त्यासाठी खुणांच्या जागी सुईनं बारीक भोक पाडून ती मागच्या बाजूला आणा. प्रती वीस-पंचवीस असतील तर लग्नपत्रिका करणाऱ्या प्रेसमधून मशीनवर क्रीज करून घ्या, हाताचं काम तेव्हा परवडत नाही.

कापायला तोडून नवं पातं काढता येणारा कटर आणि स्टीलची पट्टी. प्लास्टिकची पट्टी पहिल्याच फटक्यात कुरतडली जाते. पट्टी नेहमी कव्हरच्या अंगावर ठेवा आणि पातं बाहेरच्या, टाकाऊ बाजूनं चालवा. हात घसरला तर टाकाऊ भागच कापला जातो. एका जोरदार ओढीऐवजी तीन हलक्या ओढी. कडा तंतुमय निघू लागल्या की पातं बोथट झालं, टोक मोडून नवं काढा. दुकानातल्या मोठ्या कटिंग मशीनवर जाड गठ्ठा एकदम दिला तर दाबाखाली तो सरकतो आणि खालचे कागद वरच्यांपेक्षा एखादा मिलिमीटर मोठे निघतात. दहा-दहा कागदांनी कापायला सांगा.

आठ पानी पुस्तिकेत आतला कागद घडीमुळे बाहेरच्यापेक्षा किंचित पुढे येतो. म्हणून आधी मध्ये पिन मारा किंवा दोऱ्यानं शिवा, आणि उजवी कड सगळ्यात शेवटी एकत्र कापा. दोऱ्यासाठी तीन भोकं: एक बरोबर मध्ये, दोन वरच्या-खालच्या कडेपासून २० मिलिमीटरवर. स्टेपलरची पिन पुढेमागे गंजून कागदाला तपकिरी डाग पाडते, दोऱ्याला ती भीती नाही.

जुळवणी

झाकण पूर्ण उघडा. बिजागरीकडच्या बाजूला ट्रेवर उभ्या रेघांची एक पट्टी असते; तिच्या एका कोपऱ्याखाली नख किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी घालून ट्रे हळू उचला. मधून ओढलात तर सीडी धरणारे मधले दात तुटतात. थंडीत प्लास्टिक कडक होतं, तेव्हा डबी आधी थोडा वेळ हातात धरून ऊबदार करा. कार्ड छापील बाजू बाहेर ठेवून बसवा, दोन्ही पट्ट्या काटकोनात उभ्या राहिल्या पाहिजेत. मग ट्रे आधी एका बाजूनं, नंतर दुसऱ्या बाजूनं दाबा. चारही कोपऱ्यांवर खटका ऐकू आला पाहिजे. एक कोपरा राहिला असेल तर जोर लावू नका, ट्रे काढून पाहा; बहुधा पट्टीचं टोक आत दुमडलेलं असतं, आणि तेवढा एक कोपरा तिरका कापला की बसतं.

पुस्तिका घडीची बाजू बिजागरीकडे ठेवून सरकवा. दोन अंगठ्यांनी मधून किंचित फुगवटा देऊन सरकवली की कडा दातांना अडत नाहीत.

खुद्द सीडीवर कागदी स्टिकर लावू नका. तो जरा जरी मध्यापासून सरकला तरी सीडी फिरताना थरथरते, आणि गाडीतल्या प्लेअरमध्ये स्टिकर सुटून सीडी आत अडकते. बॉलपेननंही लिहू नका: लिहिता येणाऱ्या सीडीत चकाकणारा थर वरच्या बाजूला, नुसत्या वार्निशखाली असतो, आणि वरून पडलेला ओरखडा खालच्यापेक्षा जास्त घातक ठरतो. सीडी-मार्करनं, तोही मधल्या पारदर्शक भागाजवळ, क्रमांक आणि वर्ष लिहा. छापायचंच असेल तर पांढऱ्या पृष्ठभागाची, इंकजेटवर छापता येणारी सीडी घ्या. तिच्यासाठी प्रिंटरलाही सीडीचा वेगळा ट्रे असावा लागतो.

पातळ डबी असेल तर हे सगळं निम्म्यावर येतं: फक्त १२० × १२० चा एक कागद, पुढे फोटो आणि मागे यादी. पण कडेला नाव दिसत नाही, म्हणून पाच-सहापेक्षा जास्त सीड्यांचा संग्रह असेल तर पातळ डब्या टाळा. जाड डबी कुठंच मिळाली नाही तर डीव्हीडीची उंच डबी हा बरा पर्याय आहे. तिला एकच सलग कागद लागतो, २७३ × १८३ मिलिमीटर, त्यात मधली कड १४ ची आणि दोन्ही बाजू १२९.५ च्या. तो आडव्या ए-फोरमध्ये मावतो, घडी घट्ट करावी लागत नाही, बाहेरच्या प्लास्टिकच्या खिशात नुसता सरकवायचा, आणि कडेवर १४ मिलिमीटर जागा असल्यानं नाव चांगलं १६ पॉइंटमध्ये बसतं.